अंगद गार पडला नव्हता

अंगदचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. दोन्ही वेळा. त्याला एचआयव्ही नाही, नव्हता, आणि यापुढे शहाण्यासारखा वागला तर होणारही नाही.

मित्रांनो, आता हे विसरा. असं काही झालेलं नाही. रिपोर्ट आलेला नाही, रक्त कुणी काढलेलं नाही, आणि मी तर अजून कारखान्यातून बाहेरही पडलेलो नाही. तर सुरुवात करतो.

मी एक जुना थर्मामीटर आहे. माणसांचा नव्हे, जनावरांचा. माझी काच जाड, टोक आखूड आणि बोथट. डोक्याला एक कडी आहे. कडीत दोरी ओवतात आणि दोरीचा चिमटा मेंढीच्या लोकरीला लावतात, म्हणजे मेंढी उधळली तरी मी हरवत नाही. मला घालतात कुठं, हे सांगायची मला लाज वाटत नाही. शेपटीखाली. कुणीतरी ते काम करायलाच हवं.

माझ्या पोटात पारा भरला, नळी बंद केली आणि अंगावर आकडे छापले, त्या दिवशी मला वाटलं होतं की आपण मोठ्या दवाखान्यात जाणार. पांढरी चादर, गोरी कपाळं, शेजारी फळांची टोपली. खोक्यातल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. आमचा गैरसमज एकाच सकाळी आणि फार अंधाऱ्या जागी दूर झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला तलवाड्याच्या धुळाजींच्या हाती दिलं. धुळाजी मेंढपाळ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी माझ्या अंगावरची एक रेघ नखानं दाखवली. "पारा एकशे दोनच्या या रेघेजवळ थांबला की मेंढरू बरं. लई वर गेला की ताप. आणि शंभराच्या खाली उतरला तर मेंढरू गार पडलं. मग मला बोलावू नका, खड्डा खणायला माणूस बोलवा."

धुळाजींनी हे एवढंच शिक्षण घेतलं आणि ते आपल्या धाकट्या पोराला, अंगदला, जसंच्या तसं दिलं.

पुढची वर्षं माझ्या भरभराटीची होती. एका साली रोग आला आणि आजूबाजूच्या कळपांतली मेंढरं पटापट पडली. धुळाजींनी रोज सकाळी माझ्याकडून एकेक मेंढी तपासून घेतली. ताप दिसला की मेंढरू जाळीच्या पलीकडं. त्याचं पाणी वेगळं, चारा वेगळा, त्याला हात लावला की हात धुवायचे. बरं झालं तरी महिनाभर आत घ्यायचं नाही. कळप वाचला. धुळाजींचं नाव पार गेवराईपर्यंत झालं. माझं झालं नाही, पण मला नवी दोरी मिळाली. मी तिच्यावर खूश होतो. माझ्या अपेक्षा तोवर खाली आल्या होत्या.

मग धुळाजींचे गुडघे गेले आणि मी अंगदच्या सदऱ्याच्या खिशात राहायला आलो. अंगद बारावीपर्यंत शिकलेला, अंगानं काटक, स्वभावानं गरीब. दिंद्रुडच्या धोंडीरामची मुलगी सुकन्या त्याला दिली होती. साखरपुडा झाला होता, लग्न उन्हाळ्यात होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. दोघं काय बोलायचे ते मी खिशातून ऐकायचो. "जेवला का?" "जेवलो. तू?" "जेवले." एवढ्यासाठी दोघं तासभर फोन कानाला लावून बसत. मित्रांनो, यालाच प्रेम म्हणतात. तुम्हीही मोठे झालात की कंटाळाल.

हिवाळ्यात एकदा अंगद बोकड विकायला बाजारात गेला. पिकअप म्हाळूची. म्हाळू त्याचा लहानपणापासूनचा मित्र, आणि आयुष्यात जे जे वाईट करून बघायचं राहिलंय, ते आधी अंगदकडून करून घ्यायचं, असा त्याचा शिरस्ता. परत येताना हायवेवरच्या एका ढाब्यावर गाडी थांबली. ढाब्याच्या मागं एक खोली होती.

"जाऊन ये बे," म्हाळू म्हणाला. "परीक्षेच्या आधी सराव करत्यात का न्हाई?"

"आन् तू?"

"मला गाडी चालवायचीय."

अंगदनं सदरा खुंटीला अडकवला. मी खिशात होतो. मला फक्त खिशाचं अस्तर दिसलं. त्याबद्दल विचाराल तर सांगतो, ते निळ्या चौकड्याचं होतं.

आवाज मात्र येत होते. खोलीतल्या बाईनं विचारलं, "काही आणलंय का?"

"काय आणायचं असतंय?"

"निरोध."

"न्हाई."

"माझ्याकडचे सरले. बाहेर दुकान हाय, घेऊन ये."

"आता कुठं जाऊ," अंगद म्हणाला.

"तुझं तू बघ मग," ती म्हणाली. तिनं एकदा बजावलं, एवढंच तिच्या हातात होतं. दुकान खिडकीतून दिसत होतं.

परतीच्या वाटेवर म्हाळू बराच वेळ काही बोलला नाही. त्याला हे जमत नाही, म्हणून मला तेव्हाच शंका आली. शेवटी तो म्हणाला, "त्या बाईला कायतरी हाय म्हणं. ती एचआयव्हीची गोळी खाती. ढाब्यावरचा पोऱ्या सांगत होता."

"कवा सांगितलं त्यानं?"

"तू आत गेल्यावर."

"मग हाक मारायची न्हाई का बे?"

"म्हनलं, मधीच कसं उठवायचं."

मित्रांनो, एचआयव्ही हा विषय तुमच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी असतो, आणि वर्गातल्या बाई तो घरी वाचायला सांगतात. अंगदच्याही पुस्तकात होता. त्याच्याही बाईंनी तेच सांगितलं होतं. आणि तोही घरी गेल्यावर मेंढरांमागं गेला होता.

आता तो मोबाईलवर शिकायला बसला. मोबाईलमधले डॉक्टर सांगत होते: ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, गळ्याला गाठी येतात, वजन उतरतं. अंगदनं स्वतःला तपासायला घेतलं. पण तपासायचं कसं, हे त्याला एकाच जातीच्या प्राण्याचं ठाऊक होतं. त्यानं मोटारसायकलच्या आरशात पापणी उलटी करून आतला रंग बघितला. हिरड्या दाबल्या. दात मोजले. जबड्याखाली बोटं घालून गाठी शोधल्या, आणि जन्मापासून तिथं असलेल्या दोन गाठी त्याला पहिल्यांदाच सापडल्या. तो बांधावर बसून राहिला. त्याच्याकडं बघून एक मेंढी खोकली. त्यानं ती घसा दुखण्याची सूचना धरली.

वजनासाठी तो बाजारात गेला. बोकड तोलायचा काटा झाडाला टांगलेला असतो, त्याला पोत्याची झोळी. अंगद झोळीत बसला. व्यापाऱ्यानं काटा वाचला, त्याच्या दंडाला चिमटा काढून बघितला आणि विचारलं, "असंच द्यायचं का कापून?"

"फक्त वजन सांग."

"मागच्या बाजारी बसला असतास तर बरं हुतं. उतरलाय."

तो हे प्रत्येक बोकडाला म्हणतो. धंदाच तसा आहे. पण अंगदनं ते खरं धरलं.

आणि मग माझी पाळी आली. दुपारची वेळ, बोरीची सावली. त्यानं मला खिशातून काढलं. मी सवयीनं शेपूट शोधू लागलो. त्यानं मला तोंडात घातलं.

मी सकाळीच एका मेंढीकडं कामाला जाऊन आलो होतो. धुतलं होतं का, असं तुम्ही विचाराल. सदऱ्याला पुसलं होतं.

आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो माणसाचा मान मला असा मिळाला. मी मन लावून काम केलं. पारा अठ्ठ्याण्णवाच्या जरा वर चढला आणि थांबला. अंगदनं मला उन्हात धरून वाचलं. पुन्हा वाचलं. मला झटकून पुन्हा तोंडात घातलं. पारा तिथंच. त्याला बापानं सांगितलेला खड्डा आठवला.

कारण एकशे दोनला मेंढरू बरं, आणि शंभराच्या खाली गार. ताप येऊन गेला असणार, आपल्याला कळला नाही, आणि आता आपण त्याच्याही पलीकडं पोचलो, असा त्यानं हिशोब मांडला. माणसाचं अंग किती गरम असतं, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. कोरोनात दवाखान्यातले लोक कपाळाला तापाची बंदूक लावायचे, पण आकडा ते स्वतःच वाचायचे आणि 'चला पुढं' म्हणायचे.

त्यानं भर दुपारी घोंगडं पांघरलं, उकळता चहा प्यायला आणि मला पुन्हा तोंडात घातलं. चहामुळं पारा एकशे एकपर्यंत गेला. तेव्हा तो जरा हसला. तोंड गार झाल्यावर त्यानं मला झटकून पुन्हा घातलं, तर पारा परत अठ्ठ्याण्णवावरच. महिनाभर हे असं चाललं. मी सकाळी मेंढ्यांकडं आणि दुपारी अंगदकडं जायचो. माझी तक्रार नव्हती. दोन्हीकडचे माझ्याशी सारखंच बोलत.

मित्रांनो, आता जे सांगतो त्याला नीट कान द्या, कारण सगळं इथंच बिघडलं. अंगदनं जे कुठल्याही दुखणाईत मेंढराचं केलं असतं, तेच स्वतःचं केलं. तो जाळीच्या पलीकडं गेला. त्यानं आपलं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, आणि एक लंगडणारी आजारी मेंढी तिकडं आधीच होती, तिच्याशेजारी अंथरूण टाकलं. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं.

त्याची आई कडूबाई ताट घेऊन आली. "कावून रे इथं? आत चल की."

"नवस हाय, माय."

"कशाचा?"

"लग्नाचा."

कडूबाई खूश झाल्या. पोरानं लग्नासाठी नवस केलाय, अशी खबर त्यांनी गावभर केली. गावानं कौतुक केलं. पण नवस करणारा माणूस होणाऱ्या बायकोचा फोन टाळत नाही. अंगद टाळू लागला. आणि एका सकाळी कडूबाई त्याचं ताट विसळायला गेल्या, तेव्हा त्यानं ते हातातून ओढून घेतलं. "लावू नको हात." मग खालमानेनं सगळं सांगून टाकलं. ढाबा, बाई, म्हाळूनं न मारलेली हाक. आणि आपण गार पडलोय, हेही.

कडूबाईंनी ऐकून घेतलं. जवळ घेतलं नाही. आधी हात धुतले.

पण अंगदच्या डोक्यात इतक्या दिवसांत एक तरी विचार माणसाचा आला होता. आपण मेलो तर मेलो, पण हे सुकन्येच्या अंगात जायला नको. लग्नाच्या आधी खरं काय ते कळायलाच पाहिजे. एवढ्यासाठी तो म्हाळूच्या पिकअपमध्ये बसला आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेला.

तिथं राजश्री मॅडम होत्या. चाचणीच्या आधी त्या माणसाशी बोलतात, त्यांचं कामच ते. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "इथलं बाहेर जात नाही. सांगा."

अंगदनं सांगितलं.

"लगेच तीन दिवसांच्या आत यायला पाहिजे होतं. तेव्हा गोळ्या सुरू केल्या तर लागण टळू शकते. इतके दिवस काय करत होता?"

"ताप बघत होतो."

"बरं. किती होता?"

"अठ्ठ्याण्णव." त्यानं मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "गार पडलोय मी, मॅडम. खाली खाली चाललंय."

"अठ्ठ्याण्णव म्हणजे बरोबर आहे. माणसाचं तेवढंच असतं."

"तेवढंच?" अंगदला पटेना. "मेंढराचं एकशे दोन असतंय."

"असेल. तुम्ही मेंढरू नाही."

हे त्याला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं. मॅडमनी मला दोरीला धरून उचललं आणि डोळ्यांसमोर फिरवलं. "हे तोंडात धरता?"

"हां."

"आणि एरवी हे कुठं असतं?"

अंगदनं सांगितलं. मॅडमनी मला हळूच खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "एचआयव्हीचं आपण बघू. पण हे तोंडात घालणं आजपासून बंद."

पुढं त्यांनी जे सांगितलं ते मी तुमच्यासाठी पाठ करून ठेवलं आहे. लक्षणांवरून एचआयव्ही कळत नाही; तो फक्त रक्त तपासून कळतो. एका ताटात जेवलं, एका तांब्यानं पाणी प्यायलं, शेजारी झोपलं, मिठी मारली, यानं तो होत नाही. झालाच, तर रोजची गोळी आहे, आणि गोळी नीट घेणारा माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, लग्न करतो, त्याला निरोगी लेकरं होतात. ढाब्यावरची बाई गोळी नेमानं घेत असेल, तर तिच्याकडून लागण्याचा धोका बहुतेक नव्हताच. "पण तुम्हाला ते माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, "म्हणून तुम्ही आलात ते बरोबर केलंत."

मित्रांनो, अंगदला कुणी 'बरोबर केलंस' म्हटल्याचं मी ऐकलं ते एवढंच.

रक्त निगेटिव्ह आलं. खात्रीसाठी तीन महिने पुरे झाल्यावर पुन्हा यायला सांगितलं. तो पुन्हा गेला. पुन्हा निगेटिव्ह आलं. "झालं, आता फिकीर सोडा," मॅडम म्हणाल्या.

बाहेर म्हाळू पिकअपला टेकून उभा होता. "काय बे?"

"काहीच न्हाई निघालं."

"काहीच न्हाई?"

"न्हाई."

म्हाळूनं जरा विचार केला. "मग दोनदा कावून बोलावलं?"

हा एकच प्रश्न म्हाळूनं त्याच दिवशी तलवाड्याच्या हॉटेलात विचारला. वाईट मनानं नाही. त्याला आनंदच झाला होता, चहाही त्यानंच पाजला. पण संध्याकाळपर्यंत गावानं उत्तर काढून ठेवलं होतं. काही नव्हतं, तर पोरगा जाळीच्या पलीकडं कावून झोपत होता? ताट कावून वेगळं होतं? ज्याला काही होत नाही, तो तपासायला जातो का कधी? आणि दोनदा?

अंगद घरी आला तो थेट चुलीपाशी जाऊन बसला. कितीतरी दिवसांनी. कडूबाईंनी भाकरी वाढली. वेगळ्या ताटात. ताट हातानं न देता लाकडानं पुढं सरकवलं.

"माय, मला काही झालं न्हाई. मॅडम म्हणल्या, संगं जेवलं तरी चालतंय."

कडूबाईंनी धुळाजींकडं बघितलं.

"महिनाभर राहू दे तिकडं," धुळाजी म्हणाले.

"आबा, कागद हाय माझ्याकडं. सही-शिक्क्याचा."

"मेंढराला कागद असतोय का?"

"मी मेंढरू न्हाई, आबा."

"तूच गेलतास पलीकडं. आमी काढलं होतं का?"

अंगद ताट उचलून जाळीच्या पलीकडं गेला.

महिना झाला. लंगडी मेंढी बरी झाली. धुळाजींनी तिला माझ्याकडून तपासून न घेताच, नुसती कानाला धरून आत घेतली. अंगद बघत होता. त्याला वाटलं, आता आपल्यालाही बोलावतील. धुळाजींनी जाळी लावली.

सुकन्येचा फोन आला तेव्हा तो एकटाच बसला होता. यावेळी त्यानं घेतला.

"आमच्या बापूंनी मोडायचं ठरवलंय," ती म्हणाली. "ते म्हणत्यात, त्याला रोग हाय."

"न्हाई. दोन रिपोर्ट हायेत."

"माझा इश्वास हाय रिपोर्टवर. मी बापूंशी भांडले सुद्धा. पण मला एवढंच सांगा. रोगाचं राहू द्या. तिकडं गेलता का?"

सगळ्या जगात एकटीनं तिनं नेमकं विचारलं.

"गेलतो," अंगद म्हणाला.

"साखरपुड्याच्या आधी का नंतर?"

मी खिशात होतो, छातीला लागून. त्याचं अंग किती होतं ते मला सांगता येईल, पण त्याचा उपयोग काय.

"जेवला का?" तिनं विचारलं. उत्तराची वाट बघून तिनं फोन ठेवला. तो पुन्हा आला नाही.

आणि आता माझं. परवा एक मेंढी मान टाकून बसली. धुळाजींनी अंगदला हाक मारली, "थर्मामीटर टाक इकडं." अंगदनं मला जाळीवरून फेकलं. धुळाजी मेंढीची शेपटी उचलत होते, इतक्यात कडूबाई म्हणाल्या, "आवो, ते त्याच्या तोंडात असतंय."

धुळाजींचा हात थांबला. त्यांनी मला दोन बोटांत धरून बघितलं. मग मेंढीकडं बघितलं. गरीब, निष्पाप जनावर. त्याला काही झालं तर कुणाला जाब विचारायचा?

त्यांनी मला परत जाळीवरून फेकून दिलं.

मित्रांनो, नऊ वर्षं मी त्या जागी काम केलं. त्या जागेनं मला कधी नाकारलं नव्हतं. माणसाच्या तोंडात जाऊन आल्यामुळं मी मेंढीच्या शेपटीखाली जायला लायक उरलो नाही. नवीन थर्मामीटर आलाय, बॅटरीचा, तो किंचाळतो. मी अंगदच्या उशाशी असतो. त्यानं मला आता चांगलं धुतलंय, साबण लावून, आणि त्याच्याकडं मोजायला काही उरलेलं नाही.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे. थर्मामीटर धुवून ठेवत जा. ज्याचा असेल त्यालाच लावा. शंका आली तर आरशात दात मोजत बसू नका, तीन दिवसांच्या आत दवाखान्यात जा. आणि तपासून आलेल्या माणसाला ताट हातानं द्या. हात लावल्यानं काही होत नाही, हे मी काचेचा असून मला समजलं.

बाकी माझं म्हणणं वरिष्ठांपुढं मांडतो.

प्रति, मा. सक्षम अधिकारी, मेंढ्या व माणसे विभाग. विषय: सेवेत पुनःस्थापना मिळणेबाबत. महोदय, अर्जदार हा जनावरांचा थर्मामीटर असून त्याने नऊ वर्षे विनातक्रार सेवा केलेली आहे. अर्जदाराचा संपर्क फक्त एका निरोगी इसमाशी आलेला असून सदर इसमाचे दोन्ही अहवाल सोबत जोडले आहेत. तरी अर्जदारास पूर्वीच्या जागी तात्काळ रुजू करून घेण्यात यावे. तसेच सदर इसम, नामे अंगद धुळाजी, मु. पो. तलवाडा, यास कळपात, व कळपाची हरकत असल्यास निदान माणसांत, सामावून घेण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.